परसबागेतला थोडा मावा

मुकुटबनच्या शिवारात कपाशीचे शेत आणि घरामागची सांदवाडी यांच्यातले अंतर माणसांना मोजावे लागते. किडींना ते जाणवतही नाही. सांदवाडीतली भेंडी, कुंपणालगतची अंबाडी आणि दारातली जास्वंद ही तिन्ही झाडे कपाशीच्याच कुळातली. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या झाडावर, जे मावा, तुडतुडे, पांढरी माशी आणि पिठ्या ढेकूण दिसतात, तेच घरच्या झाडांवर येतात. ठिपक्यांची बोंडअळी तर बोंडाइतक्याच आवडीने भेंडी पोखरते. झरी-जामणी तालुक्यातल्या या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात परसबागेचा विचार कपाशीला वगळून करता येत नाही.

शेतातून घरी येणारी दुसरी गोष्ट म्हणजे औषधाची उरलेली बाटली. ‘औषध’ हा शब्दच फसवा. बाटलीत असते ते विष. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावे लागले. परसबागेत धोका आणखी जवळचा असतो. भेंडीचा तोडा दिवसाआड होतो, वांगे सकाळी तोडून दुपारी चुलीवर चढते. फवारणीनंतर काढणीपर्यंत जे दिवस जाऊ द्यावे लागतात, ते दिवस परसबागेच्या वेळापत्रकात बसतच नाहीत.

विष मारूनही कीड हटत नाही, यामागे दोन कीटकांच्या वाढीच्या वेगातला फरक आहे. मावा नरावाचून वाढतो. मादी अंडी घालण्याच्या भानगडीत न पडता थेट पिल्ले प्रसवते, आणि ही पिल्ले आठवडाभरात स्वतः प्रसवू लागतात. माव्यावर जगणाऱ्या ढालकिड्याला मात्र अंड्यापासून भुंगा होईपर्यंत तीन आठवड्यांच्या आसपास लागतात. फवारणीत दोघेही मरतात. पानाच्या वळकटीत वाचलेला किंवा शेजारच्या शेतातून उडून आलेला मावा आठ-दहा दिवसांत शेंडा भरून टाकतो. ढालकिडा तेव्हा कुठे परतीच्या वाटेवर असतो. मग दुसरी फवारणी होते, आणि त्याचा पुन्हा सुरुवातीपासून हिशेब.

म्हणून परसबागेत थोडा मावा राहू द्यावा लागतो. स्वच्छ, निष्कीड झाड पाहायला बरे वाटते. पण तिथे मित्रकिडींना खायला काही नसते, आणि उपाशी पाहुणा थांबत नाही.

थंडीच्या सुरुवातीला बरबटीचा, म्हणजे चवळीचा, कोवळा शेंडा उलटून पाहावा. शेंगेच्या देठाशी काळ्या माव्याची दाटी असते. त्याच पानाच्या खाली कधी कधी पिवळ्या, टोकदार, उभ्या अंड्यांचा पुंजका सापडतो. एखाद्याने मोहरीहून बारीक ज्वारीचे दाणे ओळीने रोवून ठेवावेत तसा. ही ढालकिड्याची अंडी. मादी ती माव्याच्या वस्तीजवळच घालते, कारण अंड्यातून निघालेल्या अळीला लांब चालता येत नाही. अळीचे रूप भुंग्याशी जराही जुळत नाही. ती काळपट, लांबट, अंगावर पिवळे-नारिंगी डाग असलेली, सहा पायांवर मगरीसारखी सरपटणारी असते. हीच सर्वात अधाशी अवस्था. एक अळी आपल्या आयुष्यात शेकडो मावे फस्त करते. आणि नेमकी हीच चिरडली जाते, कारण अळी दिसली की चिरडायची असा सर्वांचा हात वळलेला असतो. भुंग्याला मात्र त्याच्या लाल-पिवळ्या, ठिपकेदार पाठीमुळे कोणी हात लावत नाही. विदर्भात जास्त दिसणाऱ्या एका जातीच्या पिवळट पाठीवर काळी नागमोडी रेघ असते.

सर्वच ठिपकेवाले मित्र नाहीत, हेही खरे. याच घराण्यातला 28 ठिपक्यांचा भुंगा शाकाहारी आहे. तो वांग्याच्या पानाचा हिरवा भाग खरवडून नुसती जाळी ठेवतो. त्याची पाठ चकचकीत नसते, बारीक लवेमुळे ती मळकट दिसते, आणि त्याच्या पिवळ्या अळीच्या अंगावर काटेच काटे असतात. शंका आली तर झाडच सांगते: वांग्याच्या पानाला जाळी पडली असेल तर भुंगा वेचून साबणाच्या पाण्यात टाकावा, शेंड्यावर मावा असेल आणि पान शाबूत असेल तर त्याला त्याचे काम करू द्यावे.

माव्याच्या मागावर आणखी दोघे असतात. क्रायसोपाची पारदर्शक जाळीदार पंखांची हिरवी माशी रात्री दिव्याभोवती दिसते. ती केसासारख्या बारीक देठावर एकेक अंडे टांगते. अळ्या इतक्या खादाड असतात की पहिली बाहेर पडलेली अळी शेजारची अंडीही खाऊन टाकील. देठावर टांगलेले अंडे त्यातून वाचते. दुसरी सिरफिड माशी. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांमुळे ती मधमाशी वाटते, पण फुलासमोर हवेत एका जागी थांबते आणि डंख तिला नसतोच. तिची बिनपायांची, गोगलगायीच्या पिल्लासारखी लिबलिबीत अळी माव्यांच्या गर्दीत फिरत एकेकाला उचलून शोषते.

मित्र कामाला लागल्याची सर्वात खात्रीची खूण निराळी आहे. माव्याच्या पुंजक्यात काही मावे फुगलेले, तपकिरी, कागदासारखे कोरडे दिसतात आणि त्यांच्या पाठीला वाटोळे भोक असते. एका बारीक गांधीलमाशीने जिवंत माव्यात अंडे घातलेले असते. तिच्या अळीने मावा आतून खाल्लेला असतो आणि नवी माशी ते भोक पाडून निघून गेलेली असते. असे रिकामे खोके दिसू लागले की त्या झाडाला हात लावण्याची गरज उरत नाही.

गरज पडते ती मुंग्यांकडे लक्ष देण्याची. मावा आणि पिठ्या ढेकूण रस शोषून जो गोड चिकट द्रव टाकतात, त्यासाठी मुंग्या त्यांना राखतात, ढालकिड्याला चावून हाकलतात. पपईच्या किंवा लिंबाच्या बुंध्यावर मुंग्यांची रांग वर चढत असेल तर बुंध्याला चिकट पट्टी गुंडाळणे हा फवारणीहून चांगला उपाय. रांग तुटली की राखणदार जातात आणि शिकारी येतात.

पिठ्या ढेकणाची गोष्ट विदर्भाला विशेष लागू आहे. 2006-07 च्या सुमारास देशभरच्या कपाशीवर बाहेरून आलेल्या पिठ्या ढेकणाने थैमान घातले. त्याच्या मेणचट पांढऱ्या कवचातून विष आत पोचत नव्हते. काही वर्षांतच त्याच्या अंगात वाढणारी एक इवली माशी जागोजागी आढळू लागली. तिला कोणी मुद्दाम सोडले नव्हते. 2009 मध्ये शास्त्रीय वर्णन झाले तेव्हा तिचे नाव ‘एनॅसियस बंबावालेई’ ठेवले गेले. एकात्मिक कीड व्यवस्थापनातले शास्त्रज्ञ डॉ. ओ. एम. बंबावाले यांच्यावरून. पुढे ती अमेरिकेतून आधीच नोंदलेल्या जातीचीच निघाली आणि नाव बदलले, पण काम तेच राहिले. जास्वंदीच्या फांदीवर पांढऱ्या कापसासारख्या ढेकणांत काही तपकिरी, टणक गोळ्या दिसतात, त्या तिच्याच.

पपईवरच्या ढेकणाच्या बाबतीत मात्र मित्राला आणावे लागले. हा मेक्सिकोकडचा कीटक 2008 मध्ये तामिळनाडूत आढळला आणि पाठोपाठ महाराष्ट्रातल्या पपईबागांत पोचला. 2010 मध्ये बेंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेने पोर्तो रिकोहून त्याच्या शत्रूमाश्या मागवल्या; त्यातली ‘ॲसेरोफॅगस पपायी’ इतकी चांगली रुजली की कीड आटोक्यात आली. किडीवर तिचा शत्रू आणून सोडण्याच्या या विद्येचा जगभर सांगितला जाणारा पहिला मोठा विजय त्याहून जुना: 1888-89 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संत्रा-लिंबाच्या बागा वाचवण्यासाठी ऑस्ट्रेलियातून एक ढालकिडा नेण्यात आला होता. गाजरगवत खाणारे मेक्सिकन भुंगेही असेच, 1984 मध्ये भारतात सोडलेले. पावसाळ्यात मुकुटबनसारख्या गावांच्या रस्त्याकडेला त्यांनी चाळण केलेली पाने सहज दिसू शकतात.

दुकानात आणि सल्ल्यांत ट्रायकोकार्डाचे नाव वारंवार येते. ट्रायकोग्रामा ही जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची माशी पतंगांच्या अंड्यात अंडे घालते. अळी जन्मायच्या आतच संपते आणि अंडे काळे पडते. प्रयोगशाळेत तांदळावरच्या पतंगाच्या अंड्यांवर तिला वाढवून ती अंडी कार्डावर चिकटवतात. एका कार्डावर सुमारे 20,000 अंडी असतात, म्हणजे ते शेताच्या मापाचे आहे. चार वांगी आणि दोन वाफे भेंडीसाठी कार्ड विकत घेण्यात अर्थ नाही. विष बंद केले की गावातल्या ट्रायकोग्रामा आपसूक येतात; गोडनिंबाच्या पानावर लिंबावरच्या फुलपाखराने घातलेल्या अंड्यांतही त्या वाढतात. प्रार्थना कीटकाचेही थोडे असेच. त्याचा दरारा मोठा, पण समोर येईल ते खाणारा असल्यामुळे तो मधमाशीही सोडत नाही.

त्याहून कामाची कुंभारीण माशी. उन्हाळ्याच्या तोंडी ती नळाखालच्या ओल्या मातीच्या गोळ्या तोंडात धरून नेते आणि खिडकीच्या चौकटीत, टिनाच्या आडव्या पट्टीखाली, कधी बंद दाराच्या कुलपातही बारीक तोंडाचे मातीचे सुगड बांधते. सुगडाच्या आत, छताला, एका धाग्याने अंडे टांगते. मग भाजीवरच्या अळ्या शोधून डंखाने लुळ्या करते, एकेक आणून सुगडात कोंबते आणि तोंड लिंपून टाकते. अळ्या मरत नाहीत, त्यामुळे सडत नाहीत. तिच्या पिल्लाला ताजे अन्न मिळते. आत गेली अळी आणि बाहेर आली माशी, एवढेच जुन्या लोकांनी पाहिले होते. माशीचा ध्यास घेता घेता अळीचीच माशी झाली, अशी समजूत त्यातून पडली. भ्रमरकीटन्याय म्हणून तत्त्वचर्चेत जो दृष्टांत येतो, त्याचे मूळ या सुगडात आहे. दृष्टांत म्हणून तो सुंदर, प्राणिशास्त्र म्हणून साफ चुकीचा. भाजी पिकवणाऱ्या घराने दिवाळीच्या सफाईत एखादे सुगड खरवडायचे राहू द्यावे.

या मित्रांना मांसाहाराखेरीज आणखी एक गोष्ट लागते: फुलातला मध आणि पराग. सिरफिड आणि बारीक गांधीलमाश्यांची अळी शिकारी असते, पण पंख फुटले की त्या फुलांवर जगतात. त्यांची तोंडे आखूड, म्हणून खोल फुलांचा उपयोग नाही. सांबार (म्हणजे कोथिंबीर), शेपू आणि बडीशेप यांच्या छत्रीसारख्या फुलोऱ्यात मध उघड्यावर असतो. सगळा सांबार भाजीसाठी न उपटता चार झाडे फुलोऱ्यावर जाऊ द्यावीत. डिसेंबर-जानेवारीच्या कोवळ्या उन्हात त्यावर केवढी वर्दळ असते ते पाहून पुढच्या वर्षी आठ ठेवावीशी वाटतात. झेंडूचे काम थोडे वेगळे. टमाटरवर येणाऱ्या हिरव्या बोंडअळीचा पतंग झेंडूवरही अंडी घालतो, तेव्हा अळ्या वेचायची जागा ठरून जाते. मक्याची ओळ शेताच्या बाजूने लावली तर शेजारच्या फवारणीचे तुषारही थोडे अडतात.

हे सगळे असूनही काही दिवस कीड वरचढ होतेच. तेव्हा पहिला उपाय हात. वांग्याचा मान टाकलेला शेंडा अळीसकट खुडून नष्ट करावा, माव्याने भरलेले टोक तोडावे, पाण्याचा जोरदार फवारा मारावा. त्यानंतर निंबोळी अर्क. जूनमध्ये कडुनिंबाखाली पडलेल्या पिकल्या निंबोळ्या धुऊन सावलीत वाळवून ठेवाव्यात. लागेल तेव्हा 50 ग्रॅम कुटून पाण्यात रात्रभर भिजवावी, गाळून एक लिटर करावे, चिमूटभर साबण मिसळावा. निंबोळीतले द्रव्य उन्हात लवकर निकामी होते, म्हणून फवारणी संध्याकाळी. ते पान खाणाऱ्याला आणि रस शोषणाऱ्याला बाधते. किडी खाणाऱ्याला त्यामानाने कमी. तरीही ते झाडभर नको, लागण झालेल्या शेंड्यापुरतेच. पिवळे चिकट सापळे पांढऱ्या माशीवर चालतात, पण त्यांवर सिरफिड आणि इवल्या गांधीलमाश्याही चिकटतात. सापळा भरला म्हणून खूश होण्याआधी त्यावर कोण चिकटले आहे ते भिंगातून पाहिलेले बरे.

शेवटची वेचणी झाली की शेत वाळू लागते आणि परसबाग हे गावातले हिरवे बेट उरते. पांढरी माशी, ढेकूण सगळे तिकडे वळतात. त्यात पऱ्हाटीची भर. चुलीसाठी आणि कुंपणासाठी पऱ्हाट्या उपटून घराशेजारी त्यांचा ढीग रचला जातो, आणि न उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी तर सालीच्या खाचांत पिठ्या ढेकूण उन्हाळा काढतात. जळण सोडता येत नाही. पण पऱ्हाटी आणतानाच वाळकी बोंडे झोडून जाळून टाकता येतात, आणि ढीग भेंडीच्या वाफ्यापासून लांब, घराच्या दुसऱ्या अंगाला रचता येतो. काटकीच्या बेचक्यात तपकिरी टणक गोळ्या दिसल्या तर तेवढी काटकी चुलीत न घालता जास्वंदीच्या बुडाशी ठेवावी. गोळ्यांना भोके पडलेली नसतील तर आतल्या माश्या अजून बाहेर यायच्या असतात.