जबडा एकाचा, घोटा दुसऱ्याचा

राजासॉरस या डायनासोरच्या कपाळावरचं शिंग या आठवड्यात घ्यायचं ठरलं होतं. ते पुढच्या खेपेला घेऊ. मधेच शहाद्याहून एका शिक्षकांचं पत्र आलं आहे, आणि त्यांच्या प्रश्नाचा निकाल शिंगाच्या आधी लागायला हवा. म्हसावदमार्गे तोरणमाळला जाताना त्यांच्या विद्यार्थ्यांना नाल्यात एक काळा दगड मिळाला. दगडात पांढऱ्या दातांची ओळ दिसते. फोटो पाठवून ते विचारतात : हा डायनासोरचा जबडा असेल का? आणि नुसत्या जबड्यावरून नवी जात ठरवता येते का?

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. हा जबडा नाही. लाव्हा थंड होत असताना त्यात अडकलेल्या वाफेचे बुडबुडे पोकळ्या होऊन राहतात, आणि पुढे त्यांत पाझरलेल्या पाण्यातून झिओलाइटचे स्फटिक वाढतात. फोटोतले ‘दात’ मुळाशी एकत्र येऊन पंख्यासारखे पसरले आहेत. खरा दात हाडातल्या खोबणीत मूळ रोवून बसतो, तो असा फुलत नाही. मुलांनी दगड मात्र सांभाळून ठेवावा, स्फटिक सुरेख आहेत.

नंदुरबार जिल्ह्यात पायाखाली बहुतेक सगळीकडे हाच काळा कातळ आहे. त्याचं वय सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षं. पण पहिले डायनासोर सुमारे 23 कोटी वर्षांपूर्वीचे, आपला कातळ ओतला गेला तेव्हा त्यांना जाऊन 16 कोटी वर्षं उलटली होती. त्यांना शोधायचं तर महाराष्ट्राचं दुसरं टोक गाठावं लागतं. सिरोंचापाशी प्राणहिता ओलांडली की जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात मालेरी नावाचे लालसर गाळाचे थर लागतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच थरांत आहे, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं.

1987 साली जीवाश्मतज्ज्ञ शंकर चटर्जी यांनी मालेरीतून एका छोट्या प्राण्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. वरच्या आणि खालच्या जबड्याचे पुढचे तुकडे, बरेचसे मणके, मांडीचं हाड आणि घोट्याचं एक हाड, एवढा ऐवज. ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ अ‍ॅलिक वॉकर यांच्यावरून नाव दिलं वॉकेरिया. ते नाव आधीच एका सूक्ष्म सागरी जीवाला दिलेलं निघालं, म्हणून 1994 मध्ये ते अल्वॉकेरिया मालेरिएन्सिस झालं. भारतातला सर्वांत जुना डायनासोर म्हणून ते ओळखलं जाऊ लागलं.

सगळ्यांचं लक्ष खिळलं ते जबड्यावर. पुढचे दात बारीक आणि सरळ, बाजूचे मागे वळलेले, आणि कडांना करवतीसारखे दाते नाहीत. मांस आणि पाला दोन्ही खाणारा आद्य डायनासोर, असं चित्र त्यातून उभं राहिलं. अर्जेंटिनात 1991 मध्ये सापडलेल्या इओरॅप्टरच्या तोंडातही दोन तऱ्हेचे दात निघाले, तेव्हा तर तुलना अधिकच रंगली.

2005 मध्ये क्रिस्टियान रेमेस आणि ओलिव्हर राउहुट यांनी हीच हाडं पुन्हा तपासली. त्यांचा निष्कर्ष असा, की हा एक प्राणीच नव्हे. जबड्याचे तुकडे मगरीच्या बाजूच्या सरपटणाऱ्या प्राण्यांशी जुळतात, मणके सरमिसळ आहेत, आणि डायनासोरचं म्हणता येईल असं फक्त मांडीचं हाड आणि घोटा. ज्या जबड्यामुळे प्राणी प्रसिद्ध झाला, तोच डायनासोरचा नव्हता!

असं का झालं? पहिले डायनासोर दिसले त्या ट्रायासिक काळात मगरीची शाखा आणि डायनासोरची शाखा शेजारी शेजारी जगत होत्या. कवटीतली डोळ्यापुढची खिडकी, म्हणजे भोक, डोळ्यामागच्या दोन खिडक्या, खोबणीतले दात, हे सगळं दोघांनाही एकाच पूर्वजाकडून मिळालेलं. विळा कुठल्याही लोहाराने घडवला तरी विळाच दिसतो, तसे मांस कापणारे दात कुणाच्याही तोंडात वाकडे आणि धारदारच होतात. कवटीत डायनासोरपणाच्या खुणा आहेत, नाहीत असं नाही. टाळूवरच्या खिडकीपुढे कपाळाच्या हाडात उतरलेला खळगा ही त्यातली एक चांगली खूण. पण ती कवटीच्या वरच्या भागात असते, आणि अल्वॉकेरियाचा तो भाग मिळालाच नव्हता. हाती होतं नुसतं नाकाडाचं टोक.

खुबा आणि घोटा मात्र सहसा फसवत नाहीत. डायनासोरच्या खुब्याची वाटी आरपार उघडी असते. मगरीचा घोटा त्यातल्या दोन हाडांच्या मधे वळतो. डायनासोरमध्ये ती दोन्ही हाडं नडगीला घट्ट चिकटतात आणि वळण त्यांच्या खाली येतं, शिवाय आतल्या हाडाचा एक शेंडा नडगीच्या पुढून वर चढतो. कोंबडीच्या तंगडीचं खालचं टोक नीट पाहा, तिथल्या गोळ्यात घोट्याची हाडं नडगीशी एकजीव झालेली असतात. तो वारसा डायनासोरचाच.

चेहऱ्याने फसवल्याचं याहून ठळक उदाहरणही चटर्जींच्याच कामात आहे. 1993 मध्ये त्यांनी टेक्सासमधून शुवोसॉरसचं वर्णन केलं. बिनदाती चोचीची कवटी, हुबेहूब शहामृगासारख्या डायनासोरची. त्याच खाणीतल्या बिनकवटीच्या हाडांना 1995 मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी वेगळंच नाव दिलं, चटर्जीया, कारण ती मगरीच्या शाखेची होती. मग 2006 मध्ये एफिजिया नावाचा प्राणी जाहीर झाला. न्यू मेक्सिकोतल्या घोस्ट रँचवरून 1947-48 मध्ये आणलेले प्लास्टरचे ठोकळे न्यूयॉर्कच्या संग्रहालयात अर्धं शतक न उघडता पडून होते, त्यांतल्या एकातून तो निघाला. तशीच चोच, आणि तिच्यासोबत मगरीचा घोटा! शुवोसॉरस आणि चटर्जीया हा एकच प्राणी होता, आणि तो डायनासोर नव्हता.

यात चटर्जींना कमीपणा येत नाही. मालेरीच्या मातीतून त्यांनी आणि भारतीय सांख्यिकी संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी जे वर काढलं, त्यावरच तर पुढचे सगळे वाद उभे आहेत. आणि कवटी निरुपयोगी असंही नाही. हेरेरासॉरस या आद्य डायनासोरला 1963 मध्ये नाव मिळालं, पण तो नेमका कसा होता हे 1988 मध्ये धडासकट कवटी मिळाल्यावर उलगडलं. खालच्या जबड्यात मधोमध एक सांधा होता, धडपडणारं भक्ष्य पकडून ठेवायला. कवटी धडाला जोडून मिळाली तर तिच्यासारखा साक्षीदार नाही. सुटी मिळाली तर जपून.

आता माझं मत. अल्वॉकेरिया हे नाव मी नव्या जातीच्या यादीत धरत नाही. मालेरीत डायनासोर होते याचा पुरावा म्हणून त्याचा घोटा धरतो. त्याच मालेरीच्या वरच्या थरांतून 2025 मध्ये मालेरिरॅप्टर कुट्टीआय हे नाव आलं, जीवाश्मतज्ज्ञ टी. एस. कुट्टी यांच्या सन्मानार्थ. हेरेरासॉरसच्या कुळातला हा प्राणी खुब्याच्या हाडांवरून आणि मणक्यांवरून ठरला. त्याची कवटी मिळालेलीच नाही, तरी त्याचं स्थान मला अधिक पक्कं वाटतं.

शहाद्याच्या मुलांना एक विनंती. कधी सिरोंचाला गेलात, किंवा नर्मदेकाठी कातळाखालचे गाळाचे थर पाहायला मिळाले आणि त्यात हाडासारखं काही दिसलं, तर उचलू नका, फोडू नका. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, कोणता तुकडा कुणाशेजारी होता ते वहीत काढून ठेवा, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला कळवा. हाडं गोळा झाल्यावर कोणतं कुणाचं हा वाद सोडवायचा, तर ती कशी पडली होती याची नोंदच कामी येते.

राजासॉरसचं शिंग पुढच्या आठवड्यात.