कंबरदुखी आणि ऑपरेशनची उचल

ऊस विकास खात्याने कंबरेवर काय लिहावे, असे आपणांस वाटेल. पण मागच्या हंगामात एक सभासद एम.आर.आय.चे पाकीट काखेत मारून आमच्या गट ऑफिसात आले. "साहेब, गादी सरकलीया. पट्टी-स्क्रू टाकायचं म्हणत्यात. ऊस बिलावर उचल मिळंल का?" वय पन्नास. दुखणे चार वर्षांचे, सगळे कंबरेत. पायात कळ नाही की मुंग्या नाहीत.

आम्ही शेतकी डिप्लोमावाले, डॉक्टर नव्हे. पण नुसता माती परीक्षणाचा कागद बघून आम्ही खताचा डोस सांगत नाही, आधी फडात उतरतो. या फोटोचेही तसेच आहे. कंबर दुखत नसलेल्या लोकांच्या अशा फोटोंचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात पन्नाशीच्या ६० टक्के लोकांची गादी फुगलेली निघाली. विशीतल्यांचीही ३० टक्के! तेव्हा फोटोत गादी फुगली म्हणून दुखणे तिचेच, असे धरून चालत नाही.

गादी शिरेवर दाबून पोटरीपर्यंत कळ जाते आणि औषध-व्यायामाने हटत नाही, तेव्हा शीर मोकळी करण्याचा उपयोग होतो. नुसत्या जुनाट कंबरदुखीत मणके जखडण्याचा भरवसा कमी. ब्रिटनमध्ये अशा ३४९ रुग्णांपैकी निम्म्यांवर शस्त्रक्रिया केली, निम्म्यांकडून नेटाने व्यायाम करून घेतला. निकाल २००५ साली छापून आला. दोन वर्षांनी दोहोंत फरक अगदी थोडा होता, आणि ऑपरेशनवाल्यांपैकी काहींना गुंतागुंत सोसावी लागली ती वेगळीच.

मात्र लघवी अडली किंवा झालेली कळेनाशी झाली, बसायची जागा बधिर झाली, पाय लुळा पडू लागला, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. रात्री पाण्याची पाळी आहे म्हणून थांबू नका. पडल्यावर सुरू झालेले किंवा ताप, वजन उतरणे यांसोबतचे दुखणेही अंगावर काढू नये.

या सभासदांना आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी पायांची ताकद तपासली, झोपून राहणे बंद केले, चालणे आणि पाठ-पोटाचे व्यायाम नेमून दिले. पहिला महिनाभर आम्हाला बोलणी खावी लागली! आता ते खताचे पोते पाठीवर घेत नाहीत. बांधावरच फोडून पाटी-पाटीने नेतात. कंबर अजून दुखते, भरणीच्या दिवसांत जास्तच. पण यंदा लागणीला ते स्वतः सरीत होते. उचलीचा कोरा अर्ज आमच्याच खणात पडून आहे.