रणांगण आणि स्त्री

पूर्वीं युद्धाचा निकाल मनगटाच्या बळावर लागे. म्हणून रणांगण हें पुरुषांचेंच क्षेत्र, असें लोक मानीत. पुढें यंत्रें आलीं आणि युद्धाचें स्वरूप पालटलें.

सोव्हिएट रशियाचेंच उदाहरण पाहा. दुसऱ्या महायुद्धांत मरीना रास्कोवा ह्या विख्यात वैमानिक स्त्रीच्या खटपटीनें तेथें स्त्रियांचीं विमानदळें उभीं राहिलीं. त्यांतील एक दल १९४२ सालापासून रात्रीं बाँबफेक करी. विमानें लांकडाचीं व कापडाचीं, मंदगति, दोघींपुरतीं. लक्ष्य जवळ येतांच इंजिन मंद करून त्या तरंगत खालीं येत. शत्रूच्या कानीं केवळ सळसळ पडे. जर्मन शिपाई त्यांस ‘रात्रीच्या चेटकिणी’ म्हणत. बाँबचें वजन अधिक नेतां यावें म्हणून पुष्कळ काळ त्यांनीं हवाई छत्रीहि घेतली नाहीं. कित्येक जणी परतल्याच नाहींत. येथें मनगटापेक्षां स्थिर चित्त व अचूक गणित यांचें मोल अधिक होतें. तरीहि युद्ध संपतांच, १९४५ सालीं, तें दल मोडण्यांत आलें.

गरजेपुरतें उघडलेलें दार गरज सरतांच मिटतें. आपल्याकडे २०२१ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानें खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचें दार मुलींस उघडलें, तें मात्र शांततेच्या काळांत. २०२५ च्या मे महिन्यांत पहिल्या सतरा जणी तेथून उत्तीर्ण झाल्या.

युद्ध कोणीहि इच्छूं नये. परंतु धैर्य देतांना ईश्वरानें मुलगा-मुलगी असा भेद केलेला नाहीं, हें आईबापांनीं ध्यानीं ठेवावें.