ट्रॅक्टरची बॅटरी : आतली रचना आणि तारांची जोडणी



वाफसा आलेला असतो, पेरणीची घाई असते आणि चावी फिरवली तर ट्रॅक्टर नुसता ‘टक्’ करून गप्प बसतो. बॅटरीकडे उन्हाळाभर कुणी पाहिलेलं नसतं, त्याचं हे फळ. बॅटरी आतून कशी असते हे एकदा समजून घेतलं, की तिची निगा राखणं अवघड नाही.

बॅटरीच्या आत काय असतं?

१२ व्होल्टच्या बॅटरीत ६ खाने असतात. प्रत्येक खाना सुमारे २ व्होल्टचा. खान्यात शिशाच्या पट्ट्या एकाआड एक बसवलेल्या असतात. तपकिरी ती धन, राखाडी ती ऋण. त्या एकमेकींना टेकू नयेत म्हणून मध्ये सच्छिद्र पडदे असतात. हे सगळं पाणी मिसळलेल्या गंधकाच्या आम्लात बुडालेलं असतं.

वीज वापरली, की पट्ट्यांवर पांढरट थर धरतो आणि आम्ल पातळ होतं. चार्जिंग केलं, की थर निघून आम्ल पुन्हा तेज होतं. उतरलेली बॅटरी महिनोन् महिने पडून राहिली, तर तो थर कडक होतो आणि मग चार्जिंगलाही दाद देत नाही. म्हणून ट्रॅक्टर उभा असला, तरी बॅटरी महिन्यातून एकदा तपासून चार्ज करून ठेवावी. पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीत हायड्रोमीटर साधारण १.२४ ते १.२८ दाखवतो.

पाणी कोणतं घालावं?

बॅटरीतलं पाणी उडतं, आम्ल उडत नाही. म्हणून भर घालायची ती फक्त डिस्टिल्ड वॉटरची, पट्ट्यांच्या वर सुमारे १ सेंटिमीटर. विहिरीच्या पाण्यातले क्षार पट्ट्या खराब करतात. बुचं नसलेली बंद बॅटरी मात्र उघडू नये.

जोडणी कशी करावी?

१. हल्लीच्या ट्रॅक्टरची ऋण तार सांगाड्याला जोडलेली असते. काढताना ऋण तार आधी, बसवताना ती शेवटी. क्रम चुकला आणि धन टोकावरचा पाना लोखंडाला लागला, तर मोठी ठिणगी उडते.

२. एकीचं धन दुसरीच्या ऋणाला जोडलं, की व्होल्ट वाढतात. ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांचे १२ व्होल्ट होतात.

३. धनाला धन, ऋणाला ऋण जोडलं, तर व्होल्ट तेवढेच राहतात. बॅटरी जास्त वेळ पुरते. दोन्ही बॅटऱ्या सारख्या व्होल्टच्या हव्यात. जुनी आणि नवी एकत्र जोडू नये.

४. टोकांवरचा पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा, पाणी खान्यात जाऊ देऊ नये. तारा घट्ट आवळून वर व्हॅसलीन लावावं.

जिवाला जपा

चार्जिंग होताना पेट घेणारा वायू निघतो. काडी ओढून खान्यात डोकावलं, तर बॅटरी फुटून डोळे जाऊ शकतात. बिडी लांबच ठेवा. आम्ल डोळ्यांत उडालं, तर निदान १५ मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. जुनी बॅटरी घरी फोडू नका. शिसं विषारी असतं, लहान मुलांना तर फारच. ती दुकानदाराला परत द्या.

महिन्यातली दहा मिनिटं बॅटरीला दिलीत, तर पेरणीच्या दिवशी ट्रॅक्टर ढकलायची पाळी येणार नाही. हा कागद ट्रॅक्टरच्या पेटीतच ठेवा.