पावतीवरचं नाव

सकाळी 8
रात्रभराच्या पावसाने ताथवड्याच्या भुयारी मार्गापाशी गाड्या तुंबल्यात. मी खालच्या गाळ्यातलं करसल्ल्याचं ऑफिस उघडते. जुलै 2025. विवरणपत्राची मुदत यंदा 15 सप्टेंबरपर्यंत वाढली, तरी फोन थांबत नाहीत. खोट्या वजावटींसाठी आयकर खात्याने 14 तारखेला देशभर दीडशे ठिकाणी तपासणी केली, आणि त्या वजावटींत राजकीय देणग्याही होत्या. तेव्हापासून लोकांची झोप उडाली आहे.

सकाळी 10
हिंजवडीत नोकरी करणारा मुलगा बायकोला घेऊन येतो. तो पिशवीतून पावती काढतो. गुळगुळीत कागद, कधी न ऐकलेला पक्ष, पत्ता परराज्यातला, सहीच्या जागी रबरी शिक्का. मार्च 2024 मध्ये त्याने एक लाख बँकेतून पाठवले, चार दिवसांनी टक्केवारी कापून बाकीचे रोख परत आले. "मॅडम, आमच्या टीममध्ये सगळ्यांनीच केलं."

जुन्या करप्रणालीत 80जीजीसी कलमाखाली पक्षाला दिलेली पूर्ण रक्कम उत्पन्नातून वजा होते, फक्त ती रोख दिलेली नसावी. तीस टक्क्यांच्या टप्प्यात उपकर धरून त्याचे 31,200 रुपये वाचले. पण त्या वर्षापासून विवरणपत्रात देणगीची तारीख, व्यवहार क्रमांक, बँकेचा आयएफएससी कोडही भरावा लागतो, आणि त्याने ते सगळं भरलंय. मी अद्ययावत विवरणपत्राचा हिशोब मांडते: वाचवलेला कर, वर व्याज आणि त्या दोन्हींच्या बेरजेवर आणखी 25 टक्के. खात्याने आधी गाठलं आणि चुकीची माहिती दिल्याचा ठपका आला, तर दंड कराच्या दुप्पट.

बायको इतका वेळ गप्प होती. "पण त्या पक्षाने कुठे निवडणूक लढवली का?" ती विचारते. नवऱ्याला माहीत नाही. मला त्याचा राग येतो, आणि तो मी लपवत नाही. देणगीची सवलत पक्षांचा निधी उजेडात यावा म्हणून आहे. याने ती अंधारात विकली.

दुपारी 1
डबा खाताना देणग्यांवरचं जुनं टिपण चाळते. 1957 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात टाटा स्टीलचं प्रकरण आलं. राजकीय देणग्या देता याव्यात म्हणून कंपनीला आपलं घटनापत्रक बदलायचं होतं. मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी परवानगी दिली, पण हा पैसा लोकशाहीचा गळा आवळू शकतो, असा इशाराही दिला. 1969 मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली, 1985 मध्ये ती उठली.

दुपारी 3
चाकणचे शेठ येतात. प्रेसचे सुटे भाग बनवतात, कंपनी प्रायव्हेट लिमिटेड. एका पक्षाच्या माणसाने पाच लाख मागितलेत. "देऊन टाकू, वर्गणीसारखं," ते म्हणतात.

मी ताळेबंद उघडते. मागच्या तीन वर्षांचा सरासरी नफा 40 लाख. कंपनीच्या देणगीची मर्यादा त्याच्या साडेसात टक्के, म्हणजे तीन लाख. ही मर्यादा 2017 मध्ये काढून टाकली होती, त्याच वर्षी नफा-तोटा पत्रकात पक्षाचं नाव देण्याची सक्तीही गेली आणि निवडणूक रोख्यांची वाट मोकळी झाली. 15 फेब्रुवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने रोखे आणि हे बदल घटनाबाह्य ठरवले. ते घटनापीठ तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांचं. त्यांचं मूळ गाव कन्हेरसर, खेड तालुक्यातलं, म्हणजे शेठच्या चाकणच्याच तालुक्यातलं. हे ऐकून शेठ सरसावून बसतात.

"म्हणजे संचालक मंडळाचा ठराव, चेक, आणि नफा-तोटा पत्रकात पक्षाचं नाव?"
"हो. मर्यादा मोडली तर रकमेच्या पाचपटीपर्यंत दंड आणि जबाबदार अधिकाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद."
"त्यांना रोख हवेत."
"दोन हजारांवर रोख घेतले तर त्यांचीच करसवलत अडचणीत येईल. आणि वीस हजारांवरच्या देणगीदाराचं नाव त्यांना निवडणूक आयोगाला कळवावं लागतं."

संध्याकाळी 7
सकाळच्या मुलाचा मेसेज: कर भरला. पाठोपाठ शेठचा फोन. "चेक घेतो म्हणाले, पण आमच्या कंपनीचं नाव कुठे नको."
"मग चेक फाडू नका, शेठ."
पलीकडे बराच वेळ प्रेसचा ठोका ऐकू येतो. "बरं, ठराव करून ठेवा. तीन लाख. नाव घालणार असतील तर उद्या बघू." मी मसुदा उघडते आणि पक्षाच्या नावाची ओळ रिकामी सोडते.