पिशोर लहान, म्हणून ‘ॲट’?

कन्नड तालुक्यातल्या पिशोरला मी मुलांना इंग्रजी शिकवतो. ‘मी पिशोरमध्ये राहतो’ एवढे साधे वाक्य इंग्रजीत करायला सांगितले, की वर्गात दोन तट पडतात. काही म्हणतात ‘इन पिशोर’, काही म्हणतात ‘ॲट पिशोर’. ‘ॲट’ का, असे विचारले तर उत्तर ठरलेले: “सर, शहर मोठे असेल तर इन, गाव लहान असेल तर ॲट.”

जुन्या व्याकरणांच्या पुस्तकांत असा नियम आहे आणि आपल्याकडे तो पिढ्यान्‌पिढ्या पाठ केला गेला. परंतु आजच्या इंग्रजीत गावाची लोकसंख्या मोजून शब्द निवडत नाहीत. बोलणाऱ्याच्या मनात त्या जागेचे चित्र कसे आहे, ते महत्त्वाचे. जागा आपल्याला चारी बाजूंनी वेढून असेल तर ‘इन’. ती वाटेवरचा केवळ एक ठिपका असेल तर ‘ॲट’. आपले घर, शेत, सोयरेधायरे पिशोरमध्ये आहेत, आपण गावाच्या आत आहोत, म्हणून ‘आय लिव्ह इन पिशोर’. एसटीच्या दृष्टीने मात्र पिशोर हा एक थांबा, म्हणून ‘द बस स्टॉप्स ॲट पिशोर’. छत्रपती संभाजीनगर एवढे मोठे शहर, पण रेल्वे तिथे थांबते तेव्हा तिथेही ‘ॲट’च येते. तेव्हा आपले गाव लहान म्हणून ‘इन’ लिहायला कुणी बिचकू नये.

हा फरक केवळ गुणांपुरता नाही. आपण म्हणतो, “वडील दवाखान्यात आहेत.” ते तिथे दाखल असतील, कुणाला भेटायला गेले असतील किंवा तिथे नोकरीला असतील, मराठीत सगळ्यांना एकच ‘त’ पुरतो. परगावी नोकरी करणाऱ्या मुलाने साहेबाला ‘माय फादर इज इन हॉस्पिटल’ असे कळवले, तर साहेब वडिलांना दाखल केले आहे असेच समजणार. ते नुसते भेटायला गेले असतील, तर ‘ॲट द हॉस्पिटल’ म्हणायला हवे. एका छोट्या शब्दाने निरोपाचा अर्थ बदलतो.

वेळेच्या बाबतीत तर आपली मराठीच मदतीला येते. आपण ‘पाच वाजता’, ‘रविवारी’ आणि ‘जूनमध्ये’ असे तीन तऱ्हांनी बोलतो. इंग्रजीतही इथे तीन शब्द आहेत. ‘वाजता’ म्हणजे टोल पडतो तो नेमका क्षण, वेळेचा ठिपका: ‘ॲट फाइव्ह’. वार किंवा तारीख म्हणजे दिनदर्शिकेतला एक चौकोन, त्यावर बोट ठेवता येते: ‘ऑन संडे’. महिना, वर्ष किंवा ऋतू ही मोठी कोठी, तिच्यात कितीतरी दिवस मावतात: ‘इन जून’, ‘इन २०००’. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते याच २००० साली.

मात्र प्रत्यय पाहून डोळे मिटून शब्द ठरवू नये. ‘रविवारी’, ‘सकाळी’, ‘रात्री’ या तिन्ही शब्दांत सप्तमीचा ‘ई’ आहे. इंग्रजीत मात्र ‘ऑन संडे’, ‘इन द मॉर्निंग’, ‘ॲट नाइट’ अशी तीन रूपे होतात. त्यातही रविवारची सकाळ म्हटली, की वार पुढे येतो आणि ‘ऑन संडे मॉर्निंग’ होते. ‘ॲट नाइट’चे कारण शोधत बसण्यापेक्षा तो जोडशब्दासारखा तोंडात बसवावा.

म्हणून मुलांना माझे सांगणे असते, की मराठी प्रत्ययाचे भाषांतर करू नका. आधी चित्र पाहा: ठिपका आहे, पृष्ठभाग आहे की कोठी? मग शब्द निवडा. रोज आपल्या गावाविषयी पाच वाक्ये लिहा: घर कुठे, शाळा किती वाजता, बाजार कोणत्या वारी, मक्याची पेरणी कोणत्या महिन्यात, बस कुठे थांबते. महिनाभर हे केले तर ‘इन’, ‘ऑन’ आणि ‘ॲट’ यांची भीती उरणार नाही.