शिडाच्या नौकेवरील खोलीमापकाचे दोष : चुकीच्या नियमावरून कारणाचा शोध

शिडाच्या नौकेची कील, म्हणजे तळाचा खोल कणा, पाण्याखाली दीड-दोन मीटर गेलेली असते. खाडीच्या तोंडाशी किंवा उथळ नांगरवाड्यात तिच्याखाली किती पाणी उरले आहे हे सुकाणूवरील माणसाला डोळ्यांनी कळत नाही. ते त्याला प्रतिध्वनी-खोलीमापकाच्या आकड्यावरून कळते. हा आकडा अजिबात नाहीसा झाला तर उपकरण बिघडले आहे एवढे तरी निश्चित समजते आणि नाविक सावध होतो. परंतु आकडा दिसतो आहे, तो संभवनीय वाटतो आहे, आणि तरीही तो खोटा आहे, ही अवस्था त्याहून कितीतरी घातक होय. अशा वेळी पुष्कळदा नवे उपकरण विकत घेण्याचा मार्ग पत्करला जातो. तो खर्चाचा तर आहेच, पण बहुधा निष्फळही ठरतो. कारण दोष पेटीत क्वचितच असतो. चुकीलाही काही नियम असतो, आणि तो नियम ओळखता आला तर दोषाचे स्थान बहुतेक वेळा पेटी न उघडताच सांगता येते.

उपकरणाचे तत्त्व सर्वपरिचित आहे. दाबविद्युत् पदार्थाची एक चकती विद्युत् स्पंदाने कंपित केली जाते; लहान नौकांवर तिची कंप्रता सामान्यतः ५० किंवा २०० किलोहर्ट्झ असते. ध्वनिस्पंद तळावर आपटून परत येतो, तीच चकती त्याचे पुन्हा विद्युत् संदेशात रूपांतर करते, आणि मधला काळ मोजला जातो. या कल्पनेवर आलेक्झांडर बेम यांनी जर्मनीत १९१३ साली एकस्व घेतले, आणि पॉल लांजव्हँ यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात क्वार्ट्झच्या चकत्या वापरून पाण्यात श्रवणातीत लहरी निर्माण केल्या. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धरला तर १० मीटर खोलीवरून प्रतिध्वनी परतण्यास १३.३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे उपकरण खोली मोजीत नाही; ते काळ मोजते. त्या काळाला कोणत्या वेगाने गुणावयाचे, कोणत्या पातळीपासून मोजावयाचे आणि आलेल्या अनेक प्रतिध्वनींपैकी तळाचा कोणता मानावयाचा, हे तिन्ही निर्णय गृहीतकांवर अवलंबून असतात. दिसणाऱ्या बहुतेक चुका या तिन्हींपैकी एका गृहीतकाशी जोडलेल्या असतात.

म्हणून तपासणीचा आरंभ एका स्वतंत्र मापाने झाला पाहिजे. शिशाचे वजन बांधलेली व मीटरच्या खुणा केलेली दोरी हे ते माप होय. इलेक्ट्रॉनिक उपकरणाची परीक्षा दोरीने करावी हे काहींना मागासलेपणाचे वाटेल; परंतु दोरीत वेगाचे, पातळीचे किंवा प्रतिध्वनीच्या निवडीचे कोणतेच गृहीतक नाही, हाच तिचा गुण आहे. वारा पडलेला असताना, नौका स्थिर ठेवून, निरनिराळ्या खोलीच्या तीन-चार ठिकाणी दोरीचे व उपकरणाचे आकडे शेजारी शेजारी लिहून घ्यावेत. एकाच ठिकाणची तुलना पुरेशी नाही. एका बिंदूवरून चुकीचा नियम ठरत नाही.

या आकड्यांतील फरक सर्व खोल्यांवर सारखाच येत असेल तर दोष ध्वनीचा नव्हे, मोजणीच्या पातळीचा आहे. ऊर्जापरिवर्तक पाण्याच्या पृष्ठभागाखाली अर्धा मीटर बसविलेला आहे आणि कील १.८ मीटर खोल आहे असे समजू. मूळ मापन ऊर्जापरिवर्तकापासून होते. कीलखालचे पाणी हवे असल्यास त्यातून १.३ मीटर वजा करावे लागतात, पृष्ठभागापासूनची खोली हवी असल्यास ०.५ मीटर मिळवावे लागतात. ही दुरुस्ती उपकरणात एकदा भरून ठेवण्याची सोय असते. तेथे ऋण चिन्हाऐवजी धन चिन्ह पडले तर चूक १.३ मीटरची होत नाही, तिच्या दुपटीची, २.६ मीटरची होते. दोरीने ३ मीटर पाणी असताना कीलखाली वस्तुतः १.२ मीटर असावयास हवे. उपकरण मात्र ३.८ दाखविते. कीलखालचे पाणी एकूण पाण्यापेक्षा जास्त! दोरी हातात नसेल तर ही विसंगती लक्षात येत नाही, कारण ३.८ हा आकडा स्वतःपुरता अगदी निर्दोष दिसतो. नौका नव्या मालकाकडे गेली किंवा विद्युत्घट तुटून उपकरणाची स्मृती पुसली गेली की ही तपासणी प्रथम करावी.

फरक खोलीच्या प्रमाणात वाढत असेल तर वेगाचे गृहीतक पाहावे. २८ अंश सेल्सिअस तपमानाच्या व ३६ क्षारतेच्या पाण्यात, म्हणजे अरबी समुद्राच्या उबदार पृष्ठभागात, ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५४० मीटर भरतो. १,५०० गृहीत धरणारे उपकरण तेथे १० मीटरऐवजी ९.७ मीटर दाखवील. ही चूक सुरक्षित बाजूची आहे. उलट १० अंशांच्या गोड्या पाण्यात वेग १,४४७ च्या आसपास असतो, आणि तेच उपकरण १०.४ मीटर दाखविते. यावरून असे दिसते की निसर्गातील वेगबदलाने होणारी चूक तीन-चार टक्क्यांपलीकडे सहसा जात नाही. प्रमाणबद्ध चूक दहा टक्के आढळली तर पाण्याला दोष देऊ नये. १९६० च्या दशकातील फिरत्या निऑन दिव्याच्या खोलीमापकांत अशी चूक होत असे, कारण तेथे काळ मोजण्याचे काम दिवा फिरविणारी मोटर करी. ती मंदावली की खोली कमी दिसे. आजच्या उपकरणांत स्फटिकाचे घड्याळ असल्यामुळे ही शक्यता जवळजवळ उरलेली नाही. मोठी प्रमाणबद्ध चूक आढळल्यास आकडा मीटरांत आहे की फुटांत याची खात्री करावी.

तिसरा नियम दुपटीचा. स्पंद सोडल्यानंतर चकती काही काळ निनादत राहते आणि तेवढ्या वेळात आलेला प्रतिध्वनी तिला वेगळा ऐकू येत नाही. त्यामुळे साधारण अर्धा ते पाऊण मीटरपेक्षा कमी अंतर उपकरणाला मोजता येत नाही. तळ यापेक्षा जवळ आला की पहिला प्रतिध्वनी निनादात बुडतो. परंतु तोच ध्वनी नौकेच्या तळावरून किंवा पृष्ठभागावरून परावर्तित होऊन पुन्हा खाली जातो व दुसऱ्यांदा परततो. उपकरण या दुसऱ्या प्रतिध्वनीलाच तळ समजते आणि सुमारे दुप्पट खोली दाखविते. ज्या नौकांत ऊर्जापरिवर्तक कीलच्या टोकाजवळ आहे किंवा ज्यांची कील वर ओढून घेता येते, त्यांना हा धोका विशेष. ०.९, ०.८, ०.७ असा उतरत आलेला आकडा एकाएकी १.३ होतो, आणि नाविक सुटकेचा श्वास टाकतो त्याच क्षणी नौका रुतण्याच्या बेतात असते. कठीण तळावर संवेदनशीलता वाजवीपेक्षा अधिक ठेवल्यानेही दुसरा प्रतिध्वनी बलवान होतो. संवेदनशीलता कमी केल्याबरोबर आकडा निम्म्यावर आला तर निदान निश्चित झाले. फिरत्या दिव्याच्या उपकरणात याच्या उलट घोटाळा होई: एका फेऱ्यात १८ मीटर मोजणाऱ्या तबकडीवर २० मीटरवरचा तळ पुढच्या फेऱ्यात २ मीटरवर चमके.

आकडे कोणताच नियम पाळीत नसतील, क्षणात २, क्षणात १४, क्षणात रेघा, तर प्रश्न प्रतिध्वनीच्या बलाचा किंवा त्यात मिसळणाऱ्या गोंगाटाचा आहे. येथे एक सोपा प्रयोग उपयोगी पडतो. आकडे केवळ यंत्र चालू असतानाच बिघडत असतील तर पंखा न फिरविता नुसते यंत्र चालवून पाहावे. तरीही बिघाड राहिला तर तो विद्युत् स्वरूपाचा, म्हणजे जनित्राचा किंवा जवळून गेलेल्या तारांचा होय. पंखा फिरताच बिघाड सुरू होत असेल, विशेषतः नौका मागे नेताना, तर पंख्याने घुसळलेले हवेचे बुडबुडे पुढे लोटून ऊर्जापरिवर्तकाखाली येत आहेत. यंत्र बंद असूनही आकडे नाचत असतील तर दिवे, शीतपेटी व शेजारचे दुसरे खोलीमापक एकेक करून बंद करावे. उपकरणाला मिळणारा विद्युत् दाब ते चालू असतानाच मोजावा. गंजलेला जोड भार नसताना पूर्ण १२ व्होल्ट दाखवितो आणि भार पडताच ढासळतो.

आकडाच नसेल तर हवेचा विचार सर्वांत आधी करावा. पाण्याचा ध्वनिसंरोध हवेच्या सुमारे ३,६०० पट आहे. त्यामुळे पाणी व हवा यांच्या सीमेवर ध्वनिऊर्जेचा केवळ हजारावा हिस्सा पलीकडे जातो, आणि तोही परतीच्या मार्गावर पुन्हा हजारावा होतो. कागदाइतका हवेचा थरसुद्धा उपकरण आंधळे करण्यास पुरतो. काचतंतूंच्या नौकांत ऊर्जापरिवर्तक पुष्कळदा तळाला भोक न पाडता आतून चिकटवितात किंवा तेल भरलेल्या नळीत बसवितात. भरीव काचतंतूतून ध्वनी बऱ्यापैकी जातो; परंतु दोन पापुद्र्यांमध्ये फेस किंवा हलके लाकूड असेल तर जात नाही. चिकटविताना अडकलेला बुडबुडा, कालांतराने सुटलेला चिकटा, किंवा नळीतून झिरपून गेलेले तेल, ही तिन्ही कारणे बाहेरून दिसत नाहीत. नौकेच्या आतील तळाशी थोडे पाणी घेऊन त्यात सुटा ऊर्जापरिवर्तक टेकवून पाहिला की खुलासा होतो. बाहेर बसविलेल्या चकतीवर बार्नॅकल व शेवाळ वाढते. ते लाकडी पट्टीने खरवडावे. जलजीवरोधक रंगाचे थरावर थर चढविणे हाही ध्वनी अडविण्याचाच एक प्रकार आहे.

हवा व शेवाळ नसेल तर केबल. मध्यम लहरींवर, दोन केंद्रांच्या मधल्या जागी लावलेला रेडिओ ऊर्जापरिवर्तकाजवळ नेला असता नियमित टकटक ऐकू आली तर स्पंद तेथवर पोचत आहे. टकटक नसेल तर केबल पेटीपासून सोडवून तिची धारिता मोजावी. दाबविद्युत् चकती म्हणजे एक धारित्रच होय, आणि केबलची धारिता मीटरला साधारण शंभर पिकोफॅरड असते. चकती धरून येणाऱ्या आकड्यापेक्षा फारच कमी आकडा आला तर केबल मध्येच तुटलेली आहे. किती अंतरावर, हेही त्याच आकड्यावरून काढता येते. रोध मोजून मात्र फसगत होण्याचा संभव असतो, कारण काही ऊर्जापरिवर्तकांत रोहित्र असल्याने निरोगी अवस्थेतही अल्प रोध दिसतो.

शिडाच्या नौकेची एक अडचण यंत्रनौकेला नाही, ती म्हणजे कलणे. २०० किलोहर्ट्झला पाण्यातील तरंगलांबी साडेसात मिलिमीटर असते व साडेचार सेंटिमीटर व्यासाच्या चकतीचा झोत सुमारे दहा अंशांचा होतो. नौका २५ अंशांनी कलली की हा अरुंद झोत तिरपा पडतो. सपाट तळावरील तिरकस अंतर १० मीटरऐवजी ११ मीटर भरते, आणि प्रतिध्वनी बाजूला निसटल्याने पुष्कळदा आकडाच जातो. वारा एका बाजूने असता आकडा टिकतो व दुसऱ्या बाजूने असता जातो असे आढळले तर उपकरण नव्हे, त्याची बसविण्याची जागा चुकलेली आहे.

शेवटी, दोरी व उपकरण यांच्यातील प्रत्येक मतभेद म्हणजे दोष नव्हे. मुंबई बंदर किंवा ठाण्याची खाडी अशा गाळाच्या तळावर पाणी कोठे संपते व चिखल कोठे सुरू होतो याची स्पष्ट रेषा नसते. २०० किलोहर्ट्झचा ध्वनी पातळ गाळाच्या वरच्या थरावरूनच परततो; तीसेक किलोहर्ट्झचा त्यात शिरून खालच्या घट्ट थरापर्यंत जातो; आणि शिशाचे वजन त्याला पेलणारा थर लागेपर्यंत बुडत राहते. तिन्ही मापे वेगवेगळी येतात आणि तिन्ही बरोबर असतात.